सेरी सीचा २०२३-२४ हंगाम, लालबागच्या खोलीतून

सेरी सी म्हणजे इटलीतल्या फुटबॉलच्या तिसऱ्या श्रेणीचे सामने दाखवणारा वर्षभराचा पास घेतला होता. पैसे वसूल झाले. तीन गट, प्रत्येकात २० संघ, ३८ फेऱ्या, म्हणजे शनिवार-रविवार भरगच्च. हिवाळ्यात तिथले रात्रीचे पावणेनऊ म्हणजे आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचा सव्वा. आई शेजारी झोपलेली असायची, म्हणून मी इअरफोन लावून बाहेर गॅलरीत बसायचे.

मांतोवासाठी जीव तुटायचा. आदल्या हंगामात हा संघ खालच्या श्रेणीत घसरला होता. दुसऱ्या क्लबची जागा रिकामी झाली म्हणून परत घेतला गेला आणि थेट गटच जिंकला! दुसऱ्या गटात चेसेनाने ९६ गुण केले, तिसरा युवे स्ताबियाचा. हे तिघे सरळ सेरी बीमध्ये, म्हणजे वरच्या दुसऱ्या श्रेणीत. चौथ्या जागेसाठी मात्र २८ संघांचा प्लेऑफ, म्हणजे बाद फेऱ्या, आणि खरा कस तिथेच लागतो. संगमरवराच्या खाणींसाठी प्रसिद्ध कारारा गावचा कारारेसे त्यातून वर आला. अंतिम फेरीत विचेन्झाशी पहिला सामना ०-०, घरच्या मैदानावर १-०, आणि ७६ वर्षांनी सेरी बी. शेवटची शिट्टी वाजली तेव्हा मला रडू आवरलं नाही.

समालोचन फक्त इटालियनमध्ये, पण दोन महिन्यांत ‘फुओरीजोको’ म्हणजे ऑफसाइड हे कानाला सवयीचं झालं. चित्र मात्र ऐन कॉर्नरच्या वेळी अडकायचं, आणि तक्रारीला उत्तर आठ दिवसांनी आलं. घेणार असाल तर आधी महिन्याभराचाच पास घ्या.