निकॉन एफटीझेड २ आणि एम४२ ची साधी रिंग: झेड५ वर जुन्या लेन्स कशा चालतात

डीएसएलआर सोडून मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेला कॅमेरा, घेतला की पहिला प्रश्न येतो तो जुन्या लेन्सचं काय करायचं हा, आणि निकॉनवाल्यांना दुकानात एकच उत्तर मिळतं, एफटीझेड (जुन्या एफ माउंटच्या लेन्स नव्या झेड कॅमेऱ्यावर लावायचा अडॅप्टर) घ्या, सगळं चालतं. आता चालतं हे खरंय पण कुठली लेन्स कितपत चालते हे लेन्स बघून ठरतं आणि पैसे देण्याआधी ते कळलं पाहिजे, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. माझी बॉडी निकॉनची मिररलेस झेड५, त्यावर एफटीझेड २ बरेच दिवस वापरतोय आणि सोबत एम४२ स्क्रू माउंटच्या (जुन्या, आटे फिरवून बसवायच्या) लेन्ससाठी एक बिनब्रँडची रिंगपण आहे.

सगळा खेळ अंतराचा आहे. बॉडीवरचं माउंट (लेन्स जिथे बसते ती जागा) ते सेन्सर हे अंतर प्रत्येक सिस्टीमचं ठरलेलं असतं, निकॉन एफचं ४६.५ मिमी, कॅनन ईएफचं ४४, एम४२ चं ४५.४६ आणि निकॉन झेडचं फक्त १६. म्हणजे एफची लेन्स झेडवर लावायची तर मधलं ३०.५ मिमीचं अंतर भरून काढलं की झालं, आत काच वगैरे काही नसते, त्यामुळे अडॅप्टरनं फोटोची शार्पनेस कमी होते का ही भीती डोक्यातून काढून टाका. हीच एम४२ लेन्स जुन्या निकॉन डीएसएलआरवर लावली तर ती मुळातच मिलीमीटरभर लांब बसते आणि दूरचं काही फोकसच होत नाही, ते जमवायला ज्या रिंगमध्ये काच घालतात तिनं चांगल्या लेन्सचाही फोटो मऊ पडतो. मिररलेसवर ही भानगडच नाही.

आता एफटीझेड २. एएफ-एस आणि एएफ-पी लेन्सना मोटर लेन्समध्येच असते, त्या यावर अगदी झेडच्याच असल्यासारख्या चालतात, डोळ्यावर फोकस पकडणं, व्हीआर (लेन्समधलं स्टॅबिलायझेशन), एक्झिफ (फोटोसोबत साठणारी माहिती), सगळं. २००-५०० एफ ५.६ लावून भिगवणला उजनीच्या पाण्यात होडीतून फ्लेमिंगो काढले, फोकस बिनचूक मिळाला, फक्त ती लेन्सच २.३ किलोची आहे तेव्हा वजन कायम लेन्सच्या पायावर किंवा डाव्या हातावर घ्या, बॉडी धरून सगळं लटकवू नका, माउंटवर ताण येतो. पहिल्या एफटीझेडला खाली ट्रायपॉडचा फुगवटा होता, तो ट्रायपॉडच्या प्लेटला अडायचा, २०२१ च्या या दुसऱ्या मॉडेलमध्ये तो काढलाय आणि हातात धरायला हे खूपच सुटसुटीत झालंय. दोन्हीचं काम सारखंच आहे, त्यामुळे जुनं स्वस्तात मिळालं तरी खुशाल घ्या.

घोडं पेंड खातं ते एएफ-डी लेन्सपाशी. आपल्याकडे ५० एफ १.८ डी घराघरात आहे, तिचं माउंट नीट बघा, कडेला एक बारीक खाचेचा स्क्रू दिसेल, स्क्रूड्रायव्हरचं टोक बसेल असा. जुन्या बॉडीतली मोटर तो स्क्रू फिरवून फोकस करायची. एफटीझेडमध्ये अशी मोटरच नाही, पहिल्यातही नाही आणि दुसऱ्यातही नाही, त्यामुळे डी लेन्सना ऑटोफोकस शून्य. बाकी अपर्चर (लेन्समधलं उजेड आत सोडणारं छिद्र) बॉडीवरून बदलता येतं, मीटरिंग (उजेड मोजणं) होतं आणि हातानं फोकस जमला की चौकोन हिरवा होतो. अपर्चरची रिंग मात्र सगळ्यात मोठ्या आकड्यावर, म्हणजे ५० एमएमला २२ वर, लॉक करून ठेवायची नाहीतर कॅमेरा एरर दाखवतो. ज्यांच्याकडे डी३३०० किंवा डी५३०० होता त्यांना हे नवीन नाही कारण त्या बॉडीतही मोटर नव्हती, पण डी७५० किंवा डी७१०० वरून येणाऱ्यांनी आपल्या लेन्सवर एएफ-एस लिहिलंय का ते आधी वाचावं.

कॅननवाल्यांना हा त्रास का नाही तर १९८७ ला त्यांनी एफडी माउंट सरळ बंद करून ईएफ आणलं आणि फोकसची मोटर लेन्समध्येच घातली, तेव्हा एफडीवाल्या लोकांचं चांगलंच नुकसान झालं, पण आज ईएफची जुनी ऑटोफोकस लेन्सपण २४ मिमीच्या अडॅप्टरवर कॅननच्या मिररलेस आरएफ बॉडीवर ऑटोफोकस करते. निकॉननं १९५९ चं एफ माउंट तसंच ठेवलं आणि ऑटोफोकस आला तेव्हा मोटर बॉडीत घातली, जुन्या गिऱ्हाइकाची लेन्स त्याला वापरता आली पाहिजे म्हणून. मला तो निर्णय आजही पटतो, आणि म्हणूनच निकॉनच्या अडॅप्टरमध्ये एक छोटी मोटर असायला हवी होती असं मनापासून वाटतं.

अजून एक गोष्ट ३५ एफ १.८ जी डीएक्सवाल्यांसाठी (डीएक्स म्हणजे छोट्या सेन्सरसाठी बनवलेली लेन्स). ऑटोफोकस एकदम मस्त, पण फुल फ्रेम झेड५ वर लावली की कॅमेरा आपोआप क्रॉप होतो आणि २४ मेगापिक्सेलचे साधारण १० उरतात. इन्स्टाला पुरतात, मोठ्या प्रिंटला नाही.

आता माझी आवडती जोडी, एम४२ ची रिंग आणि हेलिऑस ४४-२, ५८ मिमी एफ २, सोव्हिएत झेनिट कॅमेऱ्यांवर यायची ती. रिंग हजार-दीड हजारात मिळते, आत ना वायर ना कॉन्टॅक्ट, नुसता धातूचा तुकडा. लेन्सला अपर्चरच्या दोन रिंगा आहेत, एकीवर आकडा ठरवायचा आणि दुसरी खटका न लागता उघड-बंद फिरते, तेव्हा पूर्ण उघडून फोकस करा आणि मग दुसरी रिंग अडेपर्यंत फिरवून क्लिक करा. पीकिंगच्या (फोकसमधल्या भागावर कॅमेरा दाखवतो त्या) रंगीत कडा एफ २ ला फसवतात, पापण्यांऐवजी भुवई शार्प येते, त्यामुळे फोटो झूम करूनच फोकस करायची सवय लावा. मेनूत नॉन-सीपीयू (चिप नसलेल्या) लेन्समध्ये ५८ भरलं की बॉडीतलं स्टॅबिलायझेशन बरोबर चालतं, मागच्या लेन्सचा २०० चा आकडा तसाच राहिला तर कॅमेरा सेन्सर गरजेपेक्षा जास्त हलवून उलट फोटो बिघडवतो. मागे झाडीतून उन्हाचे कवडसे येत असतील तर ते माणसाभोवती गोल फिरल्यासारखे दिसतात, हा लूक कुठल्याही नव्या महागड्या लेन्सनं मला दिला नाही.

फक्त स्वस्त रिंग घेताना दुकानातच दोन गोष्टी तपासा. लेन्स इन्फिनिटीला नेऊन लांबची पाण्याची टाकी किंवा टॉवर झूम करून बघा, रिंग जाड निघाली तर तो कधीच शार्प होणार नाही, पातळ असेल तर शार्प होऊन थोडा पुढे जाईल, ते चालतं. दुसरं म्हणजे रिंग उजेडात धरून आतून बघा, काळा रंग चकाकत असेल तर समोरून ऊन आलं की फोटो पांढुरका पडतो, आतून काळा मखमली कागद चिकटवला की बराच फरक पडतो. आणि हेलिऑसचं ४४एम मॉडेल घेत असाल तर त्याला मागे पिन आणि ए/एम असा खटका असतो, तो एम वर ठेवा नाहीतर अपर्चर बंदच होत नाही.

एकूण हिशेब सांगायचा तर एएफ-एस लेन्स दोन-तीन असतील तर एफटीझेड २ डोळे झाकून घ्या, त्या मातीमोल भावात विकून झेडच्या घेणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं. फक्त एकच ५० डी असेल तर एफटीझेडवर खर्च करण्यापेक्षा ते पैसे झेडच्या ४० एफ २ मध्ये घाला.