नोड रीस्टार्ट करण्यापूर्वी: हेल्थचा रंग की शार्डची यादी?

ऐरोलीतील एका सहकाऱ्याला इलास्टिकसर्च या शोधप्रणालीच्या क्लस्टरचे नोड (एकत्र काम करणारे सर्व्हर) एकेक करून रीस्टार्ट करायचे आहेत; त्याआधी हेल्थचा रंग (क्लस्टरची स्थिती सांगणारा हिरवा, पिवळा किंवा लाल) पाहणे पुरेसे आहे की शार्डची, म्हणजे डेटाच्या तुकड्यांची, यादीही तपासावी, असा त्याचा प्रश्न आहे.

वेळेच्या दृष्टीने रंग सरस ठरतो. एका कमांडमध्ये उत्तर मिळते आणि हिरवा होईपर्यंत थांबण्याची सूचनाही तिच्यातच देता येत असल्याने ती स्क्रिप्टमध्ये सहज बसते. यादी मात्र नजरेखालून घालावी लागते.

खात्रीचा मुद्दा निराळा आहे आणि माझ्या मते तोच महत्त्वाचा आहे. ठरवलेल्या सर्व प्रती जागेवर आहेत, एवढेच हिरवा रंग सांगतो. एखाद्या इंडेक्सची (डेटाच्या एका संचाची) रेप्लिका संख्या, म्हणजे जादा प्रतींची संख्या, ० ठेवलेली असली तरी क्लस्टर हिरवाच दिसतो, आणि त्याचा शार्ड असलेला नोड बंद होताच क्लस्टर लाल होतो, म्हणजे तो डेटा मिळेनासा होतो. महापे येथे एका रात्री मी हे स्वतः अनुभवले आहे. यादीत अशा शार्डसाठी केवळ ‘पी’ची (प्रायमरी, म्हणजे मूळ प्रतीची) ओळ असते, जोडीची ‘आर’ची (रेप्लिकाची) ओळ नसते.

एका नोडनंतर दुसऱ्याकडे वळताना रंग पुरेसा आहे. पहिला नोड बंद करण्यापूर्वी मात्र, विशेषतः क्लस्टर दुसऱ्याने उभारलेला असेल तर, यादी वाचावीच.