जखमेवरचं ईजीएफ जेल: साडेतीन तारे

बाबा दर संकष्टीला लालबागहून सिद्धिविनायकापर्यंत अनवाणी चालत जातात. मे महिन्यातलं डांबर, त्यात अठरा वर्षांच्या शुगरने पावलं बधिर झालेली. चवड्याला फोड येऊन फुटला, हे घरी लादीवर डाग दिसले तेव्हा कळलं.

दीड महिना साधं ड्रेसिंग केलं, जखम जागची हलेना. मग डॉक्टरांनी हे जेल लिहून दिलं. ईजीएफ म्हणजे कातडीच्या पेशींना ‘वाढा’ म्हणून सांगणारं प्रथिन. स्टॅनली कोहेन यांना ते उंदराच्या लाळग्रंथीत सापडलं, पुढे १९८६ चं नोबेलही मिळालं. हे ऐकून बाबा म्हणाले, “म्हणूनच कुत्रं जखम चाटतं तर!” तो विषय मी तिथेच बंद केला.

पहिली ट्यूब वाया गेली. खोक्यावर २ ते ८ अंश छापलेलं असताना परळच्या एका केमिस्टने ती फळीवरून काढून साध्या पिशवीत दिली. वर “काही होत नाही मॅडम.” दुसरी दादरला घेतली. तिथे न मागता बर्फाचं पाकीट मिळालं.

जेल लावण्याआधी डॉक्टरांनी कडेची मेलेली, टणक कातडी खरवडून काढली. त्यांचं म्हणणं असं, की शुगरच्या जखमेत टीएनएफ, इंटरल्युकिन-१ असे सूज आणणारे निरोप थांबतच नाहीत. धावून आलेल्या पांढऱ्या पेशी ठाण मांडून बसतात, आणि त्यांनी सोडलेली एन्झाइम्स नवं मांस धरू देत नाहीत, वर लावलेलं ईजीएफही तोडून टाकतात. राडारोडा न उचलता गिलावा केला तर टिकेल का? चाळीत राहणाऱ्याला हे लगेच पटतं.

रोज सलाइनने धुऊन पातळ थर लावला. दहाच्या नाण्याएवढी जखम सहा आठवड्यांत मसुरीएवढी झाली, तळाला लाल दाणेदार मांस आलं. आता त्याच काळात इन्सुलिनही वाढवलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय जेलला देणार नाही. ट्यूब चिमुकली, किंमत सणसणीत. पत्रकातली अक्षरं तर भिंगाशिवाय दिसत नाहीत. दीड तारा त्यातच गेला.

चवड्यावर भार येऊ नये म्हणून एमसीआर, म्हणजे मऊ रबरी तळाची, चप्पलही घेतलीय. बाबा ती घरात घालतात, देवाला जाताना नाही. आणि पुढची संकष्टी नेमकी अंगारकी आहे.