ओसीडीवाल्या मॅडमकडे नागपूरले जाणं परवडते का?

ओसीडी म्हणजे नको ते विचार परत परत येणं आणि त्यापायी धुणं, तपासणं थांबतच नाही असा मनाचा आजार, आणि मॅडम म्हणजे त्यावर थेरपी देणाऱ्या सायकॉलॉजिस्ट. आधीच सांगून टाकतो, परवडते. पाचपैकी चार स्टार. एक स्टार कापला तो मॅडमचा नाही, त्यांच्या क्लिनिकच्या कारभाराचा, ते खाली लिहिलं आहे. नाव मुद्दाम टाकत नाही, कारण आमच्या भागातून तिथं जाणारे बोटावर मोजण्याइतके, नाव टाकलं की संध्याकाळपर्यंत चहाच्या टपरीवर कोणाच्या घरचा पेशंट ते निघालंच समजा. पेशंट आमचा दादा, त्याले विचारूनच लिहून राहिलो. तो म्हणे, "लिही ना बे, फक्त माह्या फोटो नको टाकू."

पेशंट म्हणजे माझा मोठा भाऊ. यवतमाळ जिल्हा, कोरडवाहू कपाशी-तूर आणि थोडं सोयाबीन. त्याचा सगळा त्रास फवारणीच्या औषधावरून. 2017 साली आपल्या जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसच्या वर माणसं गेली, शेकडो दवाखान्यात भरती होती, ते तर सगळ्यांनीच पाहिलं. तेव्हा घाबरले सगळेच, पण दोनेक हंगामात बाकीचे परत उघड्या अंगानं पंप पाठीवर घेऊन फिरायला लागले आणि दादा मात्र तिथंच अडकला. फवारून आला की अंघोळ, मग परत अंघोळ, मग कपडे वेगळे, बादली वेगळी, मग नळाची तोटी धुणं कारण तोटीले हात लागला, आणि तोटी धुताना हात खराब झाले म्हणून परत हात. फवारणी नसलेल्या महिन्यातही हेच. उन्हाळ्यात बोअर आटते, टँकर येते, भांडणं होतात पाण्यावरून, आणि याचे हात धुण्यातच दोन बादल्या जायच्या. हाताची सालपटं निघालेली. वहिनीले दिवसभर एकच प्रश्न, डब्याले नाही लागलं ना, पोराच्या अंगाले नाही लागलं ना. वहिनी म्हणे नाही लागलं, की पाच मिनिटं शांत, मग परत तेच. आणि रात्रीची लाइन असली की मोटारीचा स्टार्टर बंद केला का ते पाहायला बारा-एक वाजता वावरात चक्कर, घरी येऊन परत चक्कर.

गावात लोक म्हणत, भारी स्वच्छ माणूस आहे बाप्पा. आजीनं निंबू उतरवून पाहिलं. एका डॉक्टरनं टेन्शन आहे म्हणून झोपेची गोळी लिहून दिली, त्यानं दादा दिवसा डुलक्या घ्यायचा आणि जागा झाला की हात धुवायचा. एक काउन्सेलर भेटले त्यांनी सांगितलं पॉझिटिव्ह विचार करा आणि मनात विचार आला की मनगटावरच्या रबरबँडला झटका द्या. दादानं तो रबरबँडही धुवायला सुरू केला, खोटं नाही सांगत.

मार्ग सापडला तो 14416 वर. टेली मानस म्हणून सरकारची हेल्पलाइन आहे, 2022 च्या ऑक्टोबरपासून चालू, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येते. पलीकडच्या ताईनं सगळं ऐकून घेतलं आणि आधी जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत जा म्हणून सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या आणि दोन गोष्टी स्पष्ट सांगितल्या, की ओसीडीले डोस बऱ्याचदा डिप्रेशनपेक्षा जास्त लागते आणि फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात, म्हणून पंधरा दिवसांत काही होत नाही म्हणून गोळी सोडायची नाही. आणि गोळीसोबत ईआरपी नावाची थेरपी घेतली तर चांगलं, पण ती येणारा माणूस शोधा, सगळ्यांना येत नाही. तो शोधता शोधता नागपूरच्या या मॅडम सापडल्या, क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट, आणि त्या मुख्यतः ओसीडी आणि अँग्झायटीचेच पेशंट पाहतात.

ईआरपी म्हणजे ज्याची भीती वाटते त्याच्या समोर जायचं आणि मग धुणं, तपासणं, विचारणं यातलं काहीच करायचं नाही. नवीन फॅड नाही हे, 1966 मध्ये लंडनात व्हिक्टर मेयर यांनी अशा पद्धतीनं पेशंट बरे केल्याचं छापलं होतं. ऐकायला सोपं वाटते. पण इथंच आमची शंका होती, की दादाची भीती तर खरी आहे, औषध विषारीच असते, मग मॅडम काय त्याले विषात हात घालायला लावणार का?

तर मॅडमनी पहिल्या बैठकीत भीतीबद्दल कमी आणि शेतीबद्दल जास्त विचारलं. कोणतं औषध, पंप कोणता, कुठं टांगता, हातमोजे घालता का, वारं कुठून असते तेव्हा फवारता. पुढच्या वेळी येताना डब्यावरच्या लेबलचा फोटो आणायला सांगितला. तो रंगीत त्रिकोण असतो ना, लाल सगळ्यात जहाल, मग पिवळा, निळा, हिरवा, ते त्यांनी दादाकडूनच समजून घेतलं. मग लेबलवरच्या सूचना घेऊन आणि आम्हाला कृषी सहायकाशी बोलायला लावून एक नियम बनवला. फवारताना हातमोजे, मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा शर्ट. आल्यावर एकदा साबण लावून अंघोळ. कपडे वेगळे धुणं, एकदा. जेवायच्या आधी हात, एकदा. हे सगळं करायचंच, यात सूट नाही, आणि याच्या वरचं जे काही आहे ते ओसीडीचं. औषधाच्या डब्याशी कोणताच प्रयोग होणार नाही हेही पहिल्याच दिवशी सांगितलं. मला विचाराल तर पैसे इथंच वसूल झाले. कारण गंमत पाहा, इतकं धुणारा दादा फवारताना मात्र मोजे घालत नव्हता!

मग भीतीची शिडी. सोप्यातून अवघड. सगळ्यात खाली औषध-पंप ठेवायच्या कोठ्याच्या दाराची कडी धरणं, मग धुऊन वाळलेला फवारणीचा शर्ट घडी करून मांडीवर ठेवणं, मग एकदाच हात धुऊन भाकर खाणं, आणि एकदम वरच्या पायरीवर फवारणीच्या दिवशी अंघोळ झाल्यावर पोराले मांडीवर घेऊन जेवणं. प्रत्येक पायरीवर भीती शंभरपैकी किती ते सांगायचं. त्यांच्याकडे दहा प्रश्नांचा एक फॉर्मही आहे, येल-ब्राऊन स्केल म्हणतात, चाळीसपैकी मार्क असतात, जेवढे जास्त तेवढा त्रास जास्त. दादाले सुरुवातीला 28 होते, आता 14. म्हणजे पूर्ण गेलं नाही. मॅडमनी तशी गॅरंटीही दिली नव्हती, आणि जो देते त्याच्याकडे जाऊ नका असं माझं मत.

सुरुवातीच्या काही बैठका नागपुरात आणि मग बहुतेक व्हिडिओ कॉलवर झाल्या. मला वाटलं होतं फोनवर काय थेरपी होते, पण या रोगात ते उलट फायद्याचं निघालं, कारण दादाची भीती नागपूरच्या एसी खोलीत थोडीच आहे, ती आमच्या कोठ्यात आहे. मी मोबाईल धरून उभा, मॅडम पलीकडून सांगून राहिल्या आता कडी धरा, आता सांगा किती, ऐंशी, ठीक आहे, धरून ठेवा. दादा घामाघूम. भीती कमी व्हायची वाट पाहायची नाही, शंका मनात असू द्या आणि तशीच भाकर खा, असं त्यांचं म्हणणं. फक्त नेटवर्क! आमच्याकडे कोठ्यामागच्या कडुनिंबाखालीच दोन दांड्या येतात, पाऊस आला की तेही गेलं.

घरच्यांची वेगळी बैठक घेतली ती सगळ्यात अवघड गेली. लागलं का म्हणून विचारलं तर "नाही लागलं" हे उत्तर द्यायचंच नाही, कारण ते ऐकणं हेही धुण्यासारखंच आहे, तेवढ्यापुरतं बरं वाटते आणि प्रश्न परत येते. दादाच्या समोर, त्याच्या होकारानं ठरलं. वहिनी आता म्हणते, "अहो, याचं उत्तर मी देत नाही, मॅडमनं सांगितलं ना?" माय जाम भडकली, "लेकराले तडफडू देणं हा कोणता इलाज आहे व?" तिले पटायला महिना गेला. स्टार्टरचंही तसंच, एकदा पाहायचं, फोटो काढायचा नाही, मागं वळायचं नाही. फोटो काढायची आयडिया माझी होती, मॅडमनी ती पहिल्या फटक्यात उडवली, म्हणाल्या मग रात्रभर फोटोच पाहत बसतील.

आता खटकलेलं. फी एका बैठकीची बाराशे, 45-50 मिनिटांची, कापूस विकून येणाऱ्या घरासाठी ही लहान रक्कम नाही, आणि एक-दोन बैठकांत हे संपत नाही. यवतमाळहून नागपूर दीडशे किलोमीटरच्या आसपास, एसटीनं दिवस जातेच. फॉर्म सगळे इंग्रजीत. आणि रिसेप्शनवरचा नियम की चोवीस तास आधी कळवलं नाही तर फी गेली. नाल्याले पूर आला, बस अर्ध्यातून परत फिरली, तिथून फोन केला तरी पोरगी म्हणे सर पॉलिसी आहे. पूर काय चोवीस तास आधी सांगून येते का? नंतर मॅडमले कळलं तेव्हा त्यांनी ती बैठक धरून घेतली, पण दरवेळी मॅडमपर्यंत कोण जाईल. त्यांच्या छापील कागदातली उदाहरणंही सगळी लिफ्टचं बटण, मॉलचं बाथरूम, मेट्रोचा दांडा अशी. आमच्यासाठी बदलून दिली ही गोष्ट वेगळी.

कोणाले दुसरीकडे कुठं जायचं असेल तर फोनवरच दोन गोष्टी विचारा. आरसीआयचं रजिस्ट्रेशन आहे का, म्हणजे रिहॅबिलिटेशन कौन्सिल ऑफ इंडियाचं, क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला ते लागते. आणि ओसीडीले तुम्ही नेमकं काय करता. उत्तरात ईआरपी आलं नाही, नुसतं मन मोकळं करा, ध्यान करा एवढंच आलं, तर एसटीचं भाडं वाचवा. गोळ्या सायकॉलॉजिस्ट लिहून देत नाही, त्या मानसोपचार डॉक्टरकडूनच, आमच्या तर सरकारी ओपीडीतूनच चालू आहेत.

शनिवारची वेळ लवकर भरते म्हणून फोन आठवडाभर आधी करा. सोयाबीन काढणी आणि कापूस वेचणीच्या दिवसांत व्हिडिओच मागा, देतात. आणि नागपूरले जाल तेव्हा इंग्रजी वाचता येणारं कोणीतरी सोबत न्या, फॉर्म चांगला चार पानांचा आहे.