तारेतून की हवेतून? आधी स्विचबोर्ड उघडा

मामेभावाचा फोन आला. नव्या फ्लॅटचा ताबा मिळालाय, दिवे-पंखे मोबाईलवर घ्यायचेत. म्हणाला, "दादा, भिंतीभिंतीतून वायर फिरलेलीच आहे. मग सिग्नल तिच्यातूनच पाठवू ना. वायफायच्या नादी कशाला लागायचं?"

प्रश्न बिनतोड आहे, आणि जुनाही. १९७५ साली स्कॉटलंडमधल्या पिको इलेक्ट्रॉनिक्सने नेमक्या याच विचारातून एक्स-टेन ही पद्धत काढली. विजेचा दाब दर सेकंदाला अनेकदा शून्यावरून जातो, आपल्या ५० हर्ट्झच्या पुरवठ्यात १०० वेळा. त्या क्षणी तारेत त्यातल्या त्यात शांतता असते. तेवढ्यात १२० किलोहर्ट्झचा एक मिलिसेकंदाचा ठोका द्यायचा. ठोका आला तर एक, नाही आला तर शून्य. युक्ती सुरेख, पण चाल बैलगाडीची: 'हॉलमधला दिवा लाव' एवढा निरोप पोचायला जवळपास एक सेकंद. शिवाय मूळ पद्धतीत उलट उत्तर यायची सोय नव्हती. दिवा खरंच लागला का, हे हॉलमध्ये जाऊन बघायचं.

सेकंदभर थांबायला कोणाची ना नसते. खरी अडचण ही की ती शांतता आता घरात उरलेली नाही. तेव्हा तारेवर पिवळे बल्ब, पंखा आणि फ्रिज होते. आज प्रत्येक एलईडीच्या पोटात छोटा पॉवर सप्लाय, दर खोलीत दोन चार्जर, वर इन्व्हर्टर एसी. यातले काही तारेत खरखर सोडतात, तर काहींच्या तोंडाशी बसवलेले कपॅसिटर तो नाजूक ठोका गिळून टाकतात. मित्राच्या बंगल्यात मी हे पाहिलंय. व्हरांड्यातला दिवा रोज इमानदारीत लागायचा आणि लॅपटॉपचा चार्जर खोचला की रुसायचा. कारण सापडायला आठवडा गेला. त्यात बंगला थ्री फेजचा, म्हणजे वीज तीन वेगळ्या तारांतून येणारा, असेल तर एका फेजवरचा निरोप दुसऱ्या फेजवर धड पोचत नाही, मध्ये निरोप पलीकडे नेणारा वेगळा कपलर बसवावा लागतो. तो बसवून देणारा वायरमन शोधून दाखवा.

म्हणून दिवे, पंखे, पडदे यांच्यापुरता माझा कौल सरळ वायरलेसला. आता वायरलेसमधलं कुठलं, ते बोर्ड उघडल्यावर ठरतं.

मोबाईलवरून दिवा चालू-बंद करणारं छोटं यंत्र, म्हणजे मॉड्यूल, स्विचच्या मागे बसतं. त्याला स्वतःला जगायला फेजबरोबर न्यूट्रलही, म्हणजे वीज परत नेणारी तारही, लागते. अमेरिकेतल्या जुन्या घरांत ती बोर्डात नसते म्हणून तिकडचे लोक हैराण असतात, आणि त्यांचे व्हिडिओ बघून इकडचेही धास्तावतात. आपल्याकडे बहुतेक बोर्डांवर स्विचच्या रांगेत एक पाच अँपिअरचा सॉकेट असतोच, आणि सॉकेट म्हटलं की न्यूट्रल आली. खरी अडचण येते ती जिन्याच्या टू-वे स्विचला, किंवा पलंगाशेजारच्या एकट्या स्विचला. तिथे बिनन्यूट्रलची मॉड्यूल मिळतात. पण कमी वॅटचा एलईडी त्यावर बंद करूनही मिणमिणत राहतो, मग दिव्याला समांतर कपॅसिटर जोडा. दुसरं असं की झिगबी या वायरलेस पद्धतीची बिनन्यूट्रलची मॉड्यूल सहसा शेजाऱ्याचा निरोप पुढे पोचवत नाहीत, फक्त स्वतःपुरती जगतात.

झिगबीची सगळी मजा तर त्या निरोप पुढे ढकलण्यात आहे. विजेवर चालणारं प्रत्येक मॉड्यूल पुढच्याला हात देतं, म्हणून मागच्या बाल्कनीपर्यंत सिग्नल टप्प्याटप्प्याने पोचतो. या मॉड्यूलना राउटरशी जोडणारा वेगळा हब घ्यावा लागतो, हा खर्च खरा. वायफायच्या मॉड्यूलना हब नको, पण त्यातलं प्रत्येक थेट राउटरला लटकतं. आठ-दहा असतील तर बिनधास्त वायफाय घ्या. पंचवीस-तीस झाली, आणि राउटर इंटरनेटवाल्याने कनेक्शनबरोबर फुकट दिलेला असला, तर संध्याकाळी सगळे घरी आल्यावर काय होतं ते बघाच. झिगबी आणि वायफाय दोघंही २.४ गिगाहर्ट्झवरच बोलतात. म्हणून वायफायचा चॅनल १ ठेवा आणि झिगबी २५ च्या आसपास, म्हणजे एकमेकांच्या पायात येणार नाहीत. तिसरा पर्याय झेड-वेव्ह. त्याची भारतातली फ्रिक्वेन्सी ८६५.२ मेगाहर्ट्झ आणि अमेरिकेतली ९०८ च्या घरात. म्हणजे न्यू जर्सीच्या काकांनी बॅगेतून प्रेमाने आणलेला संच इथे शोकेसमध्येच शोभतो.

गीझरचं वेगळं. ३००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर १३ अँपिअर ओढतो. दहा अँपिअरच्या मॉड्यूलवर तो चालेल, एखाद महिना. मग वास येईल. तिथे सोळा अँपिअरचंच मॉड्यूल घ्या.

मग तारेतून काहीच पाठवायचं नाही का? पाठवायचं, पण दिव्याचा निरोप नव्हे, इंटरनेट. आमचं कोकणातलं घर जांभ्याच्या चिऱ्याचं. भिंती हातभर जाड, पावसाळ्यात पाणी पिऊन गार झालेल्या. ओटीवरच्या राउटरचं वायफाय माजघरात जेमतेम पोचतं आणि पडवीत मरतं. तिथे होमप्लगचे दोन अडॅप्टर लावले, एक राउटरशी, एक पडवीत. हे १२० किलोहर्ट्झच्या एकट्या ठोक्यावर विसंबत नाहीत. मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात शेकडो बारीक वाहिन्यांवर डेटा वाटून देतात आणि खरखरीची वाहिनी टाळतात. खोक्यावरच्या आकड्याच्या पाव वेग मिळाला तरी पडवीतला कॅमेरा खूश असतो.

तिथेही मी दोनदा आपटलो. आधी अडॅप्टर स्पाइक गार्डात खोचला. विजेतली खरखर गाळणं हे गार्डाचं कामच, त्याने माझा डेटाही गाळला. भिंतीतल्या सॉकेटमध्ये थेट लावल्यावर सुरळीत झालं. दुसरी चूक लाईट गेल्यावर कळली. राउटर इन्व्हर्टरच्या लाइनवर होता आणि पडवीचा सॉकेट नव्हता. लाईट गेली की पडवीचा अडॅप्टरच मेला, आणि कॅमेरा हवा असतो नेमका तेव्हाच. पडवीचा एक सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतला तेव्हा भागलं.

ज्यांना दोन्ही हवं त्यांच्यासाठी एक जुना दाखला. स्मार्ट दिवे-स्विच बनवणाऱ्या अमेरिकेतल्या इन्स्टिऑनने २००५ पासून एकाच यंत्रणेत तार आणि रेडिओ दोन्ही दिले होते. एक वाट अडली तर दुसरी. तरी एप्रिल २०२२ मध्ये कंपनीने सर्व्हर अचानक बंद केले आणि लोकांची ॲप मुकी झाली. दोन्ही वाटा शाबूत, पण चावी कंपनीच्या खिशात. पुढे काही ग्राहकांनीच ती कंपनी विकत घेतली, हे त्यांचं नशीब. म्हणून दुकानात मी आधी एकच विचारतो: इंटरनेट बंद असताना घरातल्या घरात हे चालतं का? स्मार्ट उपकरणांसाठी २०२२ मध्येच आलेल्या मॅटर या सामाईक मानकाचा शिक्का असेल तर उत्तर बहुधा 'हो' येतं.

मामेभावाला सांगितलं, आधी बोर्ड उघडून फोटो पाठव. आठ बोर्डांपैकी सात ठिकाणी न्यूट्रल निघाली, पण कॉन्सील्ड डबे सगळे पत्र्याचे. पत्र्याच्या डब्यात मॉड्यूल अगदी मागे ढकललं तर सिग्नल दबतो, म्हणून ते प्लास्टिकच्या पुढच्या प्लेटला चिकटून ठेवायला सांगितलं. उरलेला आठवा बोर्ड त्याने साधाच ठेवलाय. झिगबीचा हब पुढच्या पगारावर.