एसडी कार्डाची ती लॉकची पट्टी: लग्नाच्या सीझनभर वापरल्यानंतरचा अनुभव

स्पेक्स सगळ्यांना माहितीयेत, त्यात वेळ घालवत नाही. १२८ जीबी, यूएचएस-टू (यूएचएस-वनपेक्षा वेगवान प्रकार), व्ही६०, दोन कार्डं एकदम घेतली होती, बॉडी म्हणजे कॅमेरा दोन स्लॉटचा. कंपनीचं नाव लिहीत नाहीये कारण वॉरंटीचं प्रकरण अजून चालू आहे, आणि तसंही मला जे बोलायचंय ते एका कंपनीपुरतं नाही, एसडी कार्ड या प्रकाराबद्दलच आहे.

आधी चांगलं सांगते. स्पीडबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. व्ही६० म्हणजे सलग लिहिताना सेकंदाला कमीत कमी ६० एमबीची हमी, पाकिटावर जो मोठा आकडा छापलेला असतो तो बहुतेक वेळा वाचण्याचा असतो, लिहिण्याचा नाही, हे घेताना बघून घ्या. २४ मेगापिक्सेलची एक रॉ फाइल (सेन्सरचा कच्चा डेटा) २५-३० एमबीच्या घरात जाते, सेकंदाला दहाच्या स्पीडने बर्स्ट मारला, म्हणजे सलग फोटो काढले, की कुठलंही एसडी कार्ड मागे पडणारच, प्रश्न फक्त बफर, म्हणजे कार्डावर जाण्याआधी फोटो थांबतात ती कॅमेऱ्यातली जागा, किती लवकर मोकळा होतो एवढाच. या कार्डांवर तो पटकन मोकळा व्हायचा, लाल दिवा विझला की पुढची फ्रेम तयार. घरी आल्यावर यूएचएस-टूचा रीडर लावला की अख्ख्या लग्नाचा डेटा जेवण होईपर्यंत उतरलेला असायचा. पहिले काही महिने मी भेटेल त्याला हीच कार्डं घ्या म्हणून सांगत होते.

मग ती पट्टी.

एसडी कार्डाच्या डाव्या कडेला ते छोटं सरकतं बटण असतं, लॉक लिहिलेलं. मुख्य विधी सुरू होता, सगळे उभे राहिलेले, मी स्लॉट एकचं कार्ड बदलून आत सरकवलं आणि स्क्रीनवर आलं, कार्ड लॉक आहे. आत घालताना पट्टी स्लॉटच्या कडेला घासून खाली सरकली होती. काढलं, नखाने वर केली, परत घातलं, चाललं. पण तेवढ्या वेळात समोरचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं, सेकंड शूटर म्हणजे माझ्या जोडीचा फोटोग्राफर दुसऱ्या बाजूने होता म्हणून ते फ्रेममध्ये तरी आलं. रात्री कार्ड हातात घेऊन बघितलं तर पट्टी इतकी सैल झालेली की कार्ड हलवलं तरी खालीवर होत होती. आपटलेलं नाही, पाण्यात पडलेलं नाही, केसशिवाय कुठे ठेवलेलं नाही.

बरेच जण ती पट्टी म्हणजे आतल्या सर्किटचा स्विच समजतात. तसं काही नाहीये. कार्डाला पट्टी कुठे आहे याचा पत्ताच नसतो, ती नुसती प्लॅस्टिकची गाठ आहे, कॅमेऱ्याच्या किंवा रीडरच्या स्लॉटमधली एक बारीक कळ तिची जागा चाचपते आणि त्यावरून कॅमेरा ठरवतो की लिहायचं की नाही. म्हणजे मेमरी ठणठणीत, कंट्रोलर ठणठणीत, आणि नखाएवढ्या प्लॅस्टिकमुळे लग्न अडतं. हा फॉर्म १९९९ चा आहे, ३२ बाय २४ मिलिमीटर, तेव्हा फ्लॉपीची सवय असलेल्या लोकांना लॉक हवं वाटलं असेल. पण कॅमेऱ्यात चालू असलेलं कार्ड मुद्दाम लॉक करायची गरज लग्नाच्या फोटोग्राफरला कधी पडते? मला आजपर्यंत पडलेली नाही, कुणाला पडत असेल तर खरंच सांगा. बाकीच्या कार्डांत मायक्रोएसडीला ही पट्टी नसते, एक्सक्यूडीला नसते, सीएफएक्सप्रेसला नसते, त्यांचं काही अडलं नाही.

पट्टी तुटली तर त्या खाचेवर चिकटपट्टी लावून कार्ड परत लिहितं करता येतं, हा उपाय सगळे सांगतात आणि तो चालतोही. पण लग्नात करू नका. फ्लॅश आणि बर्स्टमध्ये बॉडी गरम होते, चिकटपट्टीची कड सुटते आणि ती स्लॉटमध्ये राहिली तर कार्डाऐवजी बॉडी सर्विसला जाते. घरी डेटा उतरवण्यापुरतं ठीक आहे.

तरी मी ते कार्ड वापरत राहिले कारण दोन कार्डांना पैसे मोजलेत आणि एक सीझनही न भरता फेकून द्यायचं माझ्या जिवावर येतं. सैल पट्टीवालं कार्ड एकदा घातलं की दिवसभर काढायचं नाही अशी शिस्त लावली. मग एक वेगळीच गोष्ट दिसायला लागली. बर्स्टनंतर लाल दिवा आधीपेक्षा जास्त वेळ पेटलेला राहायला लागला. आधी मला वाटलं कार्ड भरत आलंय. नव्हतं. यूएचएस-टू कार्डाच्या मागे पिनांच्या दोन ओळी असतात, दुसरी ओळ २०११ च्या स्टँडर्डमध्ये आली, आणि त्या दुसऱ्या ओळीचा कॉन्टॅक्ट नीट बसला नाही तर कार्ड काही एरर देत नाही, गुपचूप पहिल्या ओळीवर म्हणजे यूएचएस-वनवर चालायला लागतं, जिथे बसची कमाल मर्यादाच सेकंदाला १०४ एमबी आहे. त्यामुळे एखादं चांगलं चालणारं कार्ड अचानक हळू झालं तर फॉरमॅट मारत बसू नका, कार्ड उलटं करा आणि पिना बघा.

मी भिंग लावून बघितलं तोपर्यंत उशीर झाला होता. दुसऱ्या एका लग्नात कार्ड वाचता येत नाही असा मेसेज आला आणि स्लॉट एकमधलं ते कार्ड मेलं. कार्ड बदलून पुढचं शूट झालं, प्रश्न तोपर्यंतच्या फोटोंचा होता. पिनांच्या मधे ज्या केसासारख्या बारीक प्लॅस्टिकच्या कडा असतात ना, त्यातली एक तुटून आडवी होऊन शेजारच्या दोन पिनांवर बसलेली होती. पट्टीसुद्धा प्लॅस्टिकची, या कडासुद्धा प्लॅस्टिकच्या, आणि रोज दहा वेळा आतबाहेर होणारी वस्तू ही!

आता एक्स्पोजरकडे, म्हणजे फोटो किती उजळ घ्यायचा त्याकडे येते, कारण खरं नुकसान तिथे झालं.

माझं सेटिंग होतं स्लॉट एकवर रॉ, स्लॉट दोनवर जेपेग (कॅमेऱ्याने दाबून लहान केलेली तयार फाइल). हे बहुतेक सगळे करतात, कारण दोन्हीकडे रॉ टाकलं की दोन्हीतलं जे हळू असेल त्याच्या स्पीडने बफर मोकळा होतो, आणि माझ्या बॉडीचा दुसरा स्लॉट यूएचएस-वनचा आहे. बॅकअपला जेपेग आहेच, काळजी नाही, असं सगळे म्हणतात. आता कार्ड मेलं त्या दिवशीचं स्टेज बघा. मागे अख्खी एलईडी वॉल, त्यावर व्हिडिओ चालू, पुढे एकाचे कपडे पांढरे, दुसऱ्याचे काळे. कॅमेऱ्याच्या प्रकाश मोजणाऱ्या मीटरला समोरचं सगळं सरासरी राखाडी करायचं असतं, त्यामुळे पांढरं भरलं की तो अंडर म्हणजे काळपट करतो, काळं भरलं की ओव्हर म्हणजे जास्त उजळ, आणि मागची वॉल बदलली की एकाच बर्स्टमधल्या लागोपाठच्या फ्रेम्स एक उजळ एक काळी येतात. त्यामुळे अशा ठिकाणी मी मॅन्युअलवर जाते आणि पांढऱ्या कापडाचा पोत टिकेल इतकं खाली आणते, चेहरे एक-सव्वा स्टॉप (एक स्टॉप म्हणजे प्रकाश निम्मा) अंडर दिसले तरी चालतं, कारण रॉ १४ बिटचं आहे, सावल्या उचलता येतात, पण एकदा जळालेलं पांढरं परत येत नाही.

रॉसाठी हे एक्स्पोजर बरोबर आहे, आजही मी तेच करेन. पण रॉचं कार्ड गेलं आणि हातात राहिली ती जेपेग, आठ बिट, एका चॅनेलला २५६ पायऱ्या, चेहरे काळे, वर आयएसओ म्हणजे सेन्सिटिव्हिटी ३२००. एक स्टॉप उचललं की गालावर ठिपके, जास्त उचललं की मागच्या अंधारात चौकोन चौकोन. बॅकअप होता आणि तरी नव्हता. जाणूनबुजून अंडर ठेवायचं आणि बॅकअप जेपेगवर सोडायचा या दोन गोष्टी एकत्र चालतच नाहीत, आणि हे मला कुठल्याही कार्डाच्या किंवा कॅमेऱ्याच्या रिव्ह्यूमध्ये वाचायला मिळालं नव्हतं.

रिकव्हरीचं थोडक्यात, पण कुणाला तरी आज रात्रीच लागेल म्हणून लिहिते. कार्ड रुसलं की त्यावर एकही फ्रेम नवीन काढायची नाही. विंडोज विचारतं फॉरमॅट करू का, स्कॅन करून दुरुस्त करू का, दोन्हीला नाही म्हणायचं, ती दुरुस्ती कधी कधी फाइलींचे तुकडे करून ठेवते. मी तो प्लॅस्टिकचा तुकडा लाकडी टूथपिकने बाजूला केला, पिना आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या, वाळू दिल्या, दुसऱ्या रीडरमध्ये घातलं, कार्ड दिसलं. आधी अख्ख्या कार्डाची इमेज म्हणजे हुबेहूब प्रत काढली, मग त्या इमेजवर फोटोरेक हा रिकव्हरीचा प्रोग्राम चालवला, फुकट आहे, फोल्डर वगैरे न बघता फाइलीच्या सुरुवातीच्या खुणा ओळखून उचलतं. नावं सगळी जातात, पण फोटो काढल्याची वेळ फाइलीच्या आत असते, त्यावर क्रम लावता येतो, म्हणून दोन्ही बॉडींची घड्याळं लग्नाआधी जुळवून ठेवत जा. बहुतेक रॉ परत आल्या. शेवटच्या काही अर्ध्याच निघाल्या, वर चेहरे आणि खाली सपाट राखाडी पट्टा. त्या फ्रेम्ससाठी काळ्या जेपेगवरच काम केलं, आणि त्या अल्बममध्ये मोठ्या पानावर गेल्या नाहीत याचं मला आजही वाईट वाटतं, कारण त्यातल्या एकीत नवरीची आजी इतकी सुंदर हसत होती.

मग सर्विसवाले. त्यांचं पहिलं उत्तर, पट्टी सैल आणि कड तुटलेली म्हणजे फिजिकल डॅमेज, वॉरंटीत बसत नाही. मी लिहिलं की कार्ड स्लॉटमध्ये घालणं आणि काढणं हाच त्याचा वापर आहे, तेवढ्याने तुटत असेल तर ते डॅमेज नाही, दोष आहे. दुसरं उत्तर, कार्ड पाठवा, तपासतो. त्यावर दुसऱ्याच्या लग्नाचे फोटो आहेत, लोकांनी माझ्यावर विश्वास ठेवून घरात घेतलंय, ते कार्ड मी असंच कुरिअरमध्ये कसं टाकू? फॉरमॅट करून पाठवा म्हणे. साधा फॉरमॅट मारला तरी डेटा तिथेच असतो, आत्ताच तर मी तसाच उचलला. बरेच दिवस हेच चालू होतं.

इथपर्यंत लिहून ठेवलं होतं आणि मधे उत्तर आलं, म्हणून वरचं थोडं बदलायला हवं. तिकडे दुसऱ्या कुणाकडे तरी केस गेली असणार, त्यांनी पिनांचे क्लोजअप मागितले, मी मॅक्रो लेन्सने काढून पाठवले, आणि कार्ड न मागवता त्यांनी बदली कार्ड दिलं. वर मी जरा जास्तच चिडून लिहिलंय, सर्विसबद्दलचा तो राग मागे घेते, शेवटी त्यांनी नीट केलं. पट्टीबद्दलचा राग मागे घेत नाही. बदली आलेलं कार्ड तेच मॉडेल आहे, तीच पट्टी आहे, आणि पाकिटातून काढताच मी पहिलं तेच सरकवून बघितलं.

सेटिंगमध्ये मी आता हे बदललंय. विधीच्या वेळी दोन्ही स्लॉटवर रॉ, लॉसलेस कॉम्प्रेस्ड म्हणजे काहीही न गमावता लहान केलेली. बफर हळू मोकळा होतो, मान्य, म्हणून लांब बर्स्ट बंद, तीन-चार फ्रेम आणि थांबायचं. गर्दीचे, पाहुण्यांचे, नाचाचे फोटो असतील तेव्हा परत रॉ आणि जेपेग, पण मग एक्स्पोजर जेपेगला झेपेल असंच ठेवायचं. मागच्या स्क्रीनवरचा हिस्टोग्राम (किती भाग काळा, किती पांढरा हे दाखवणारा आलेख) रॉचा नसतो, कॅमेरा आत जी जेपेग बनवतो तिचा असतो, पिक्चर स्टाइल म्हणजे रंगांचं सेटिंग भडक ठेवलं की पांढरं जळालंय असं दाखवतो आणि आपण उगाच अजून अंडर करतो. स्टाइल न्यूट्रल किंवा फ्लॅट ठेवली तर तो बराच खरा बोलतो. लाल-निळ्या लाइटमध्ये एकत्र हिस्टोग्रामवर जाऊ नका, आरजीबी म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही वेगळे बघा, लाल चॅनेल एकटा उडालेला असतो आणि बाकी सगळं ठीक दिसतं. स्टेजवर फ्रेममध्ये पट्टे येत असतील तर वीज ५० हर्ट्झची असेल तिथे लाइट सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, शटर १/१०० किंवा १/५० वर आणा, ६० हर्ट्झ असेल तर १/१२० किंवा १/६०, आणि एलईडीखाली सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर टाळा. आधी मी हे पट्टे कार्डाच्या नावावर खपवणारे बरेच बघितलेत. अर्धी फ्रेम राखाडी असेल तर कार्ड तपासा, पूर्ण फ्रेमभर समान अंतरावर पट्टे असतील तर लाइट आणि शटर.

नवीन घेणाऱ्यांनी कार्ड हातात घेऊन आधी पट्टी आणि पिनांमधल्या कडा बघा, स्पीडचा आकडा नंतर. सोनीने २०१८ मध्ये टफ नावाची कार्डं काढली त्यात पट्टीही नाही आणि त्या कडाही नाहीत, एकसंध आहेत. महाग पडतात. मी स्लॉट एकसाठी एक घेतलंय, पट्टी नसल्याने घालताना हात थांबत नाही. बदली आलेलं कार्ड स्लॉट दोनमध्ये कायमचं बसवून टाकलंय, ते बाहेर काढत नाही, डेटा तिथून केबलने उतरवते, आणि दुसरं जुनं अजून चालतंय पण त्याची पट्टीही आता हलायला लागलीये, त्यामुळे ते फक्त साखरपुड्याच्या आधीच्या ट्रायल शूटला.