जुन्या स्की-बोटीचे कुजलेले वासे घरी बदलायचे: पॉलिएस्टर, इपॉक्सी की लाकूडच नको?

इंजिन ज्या बोल्टांवर बसलेलं असतं त्यातला एक पान्याने आवळायला जावं आणि तो नुसताच गरागरा फिरत राहावा, की समजायचं खालचं लाकूड गेलं. माझ्या १९८७ सालच्या स्की-बोटीत, म्हणजे पाण्यावर स्की करणाऱ्याला ओढणाऱ्या बोटीत, सगळेच बोल्ट असे फिरले. त्यानंतरचे दोन हिवाळे आणि एक अख्खा उन्हाळा मी गॅरेजमध्ये काढला.

मी मिनेसोटात राहतो. १९२२ साली राल्फ सॅम्युएलसन पाण्यावर पहिल्यांदा स्की लावून उभा राहिला तो इथल्याच लेक सिटी गावी, लेक पेपिनवर. आजही उन्हाळा लागला की घरांसमोर 'विकणे आहे'ची पाटी लावलेल्या जुन्या स्की-बोटी दिसतात. आमच्या मराठी मंडळातल्या एका मित्राने अशीच एक हेरली आहे. त्याचा प्रश्न होता, "दादा, आतलं लाकूड बदलायचंच झालं तर कशाने बदलू?" फोनवर अर्धवट सांगितलं, ते इथे सविस्तर लिहितो.

आधी काय बदलायचं ते. फायबरग्लासची बोट म्हणजे आत लाकूड नाही असा पुष्कळांचा समज असतो. त्या काळातल्या बहुतेक बोटींच्या तळाला नाळेपासून, म्हणजे पुढच्या टोकापासून, मागच्या भिंतीपर्यंत लाकडाचे लांब वासे असतात, त्यांना स्ट्रिंगर म्हणतात. त्यांच्यावर फायबरग्लासचं आवरण, मधल्या पोकळीत फोम आणि वर फरशी. लाकडी होडीत पठाण, म्हणजे तळाचा कणा, जे काम करतो तेच इथे हे वासे करतात. इंजिन मधोमध असलेल्या स्की-बोटीत तर सगळा भार यांच्यावरच येतो. इंजिन आणि गिअरबॉक्स त्यांच्यावर, आणि स्कीवाल्याला ओढणारी दोरी ज्या खांबाला बांधतात त्याचा ताणही शेवटी त्यांच्यावरच. मागे इंजिन असलेल्या बोटीत आधी मागची भिंत तपासतात, इथे आधी वासे तपासा.

तपासणी सोपी आहे. बोल्टाला पाना लावून पाहा. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने वाशावर ठोकत जा. टणक 'टक्' येतं तिथे ठीक, 'धप्' येतं तिथे शंका घ्या. तरीही खात्री नसेल तर मालकाला विचारून ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा आणि ड्रिलला काय लागून येतं ते बघा. कोरडा, पिवळसर भुसा आला तर त्या जागी लाकूड शाबूत आहे, भोक इपॉक्सीने बुजवून टाका. काळपट ओला गाळ आला तर पुढचं तुमच्यासाठी आहे.

पहिला मार्ग, कारखान्याचाच: नवं लाकूड, वर पॉलिएस्टर रेझिन, म्हणजे काचकापडात मुरवायचं आणि वाळून टणक होणारं द्रव्य. स्वस्त, सगळीकडे मिळतं, भरभर वाळतं, आणि वर नेहमीचा जेलकोट, म्हणजे बोटीचा बाहेरचा चकचकीत थर, बिनतक्रार बसतो. ताज्या थरावर ताजा थर चढवताना पॉलिएस्टरला तोड नाही, कारण दोन्ही थर रासायनिक रीतीने एकजीव होतात. पण आपण चढवतो तो थर पस्तीस वर्षांपूर्वी पुरता वाळलेल्या तळावर. तिथे एकजीव होणं शक्य नसतं, घासून खरखरीत केलेल्या पृष्ठभागाची पकड तेवढी मिळते. लाकडाला तर पॉलिएस्टर मुळातच बेताचं चिकटतं.

याचा पुरावा मला हातात मिळाला. उजव्या वाशाचं वरचं आवरण ग्राइंडरने कापलं आणि आत हात घातला, तर लाकूड चहाच्या चोथ्यासारखं मुठीत आलं, काळं आणि थंडगार ओलं. आवरण मात्र भुईमुगाच्या टरफलासारखं जसंच्या तसं उभं होतं. आतल्या बाजूने बोट फिरवलं तर गुळगुळीत. लाकूड खरोखर चिकटलेलं असतं तर निदान काही धागे तरी आवरणाला लागून राहिले असते. एकही नव्हता. म्हणजे लाकूड कुजण्याच्या बऱ्याच आधी दोघांची फारकत झालेली होती, आणि त्या फटीतून पाणी वाशाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळं फिरत होतं.

तरी न्यायाने सांगायला हवं की हेच पॉलिएस्टर पस्तीस वर्षं टिकलं. तुम्हाला या कामाचा सराव असेल, घरापासून वेगळी शेड असेल आणि आणखी वीस वर्षं पुरेशी वाटत असतील, तर हा मार्ग चुकीचा नाही.

दुसरा मार्ग: लाकूड तेच, रेझिन इपॉक्सी. मी हा घेतला आणि घरी काम करणाऱ्या बहुतेकांना हाच सांगेन. इपॉक्सी मुळात गोंद आहे. लाकडात मुरतं, जुन्या पॉलिएस्टरला घट्ट धरतं, वाळताना फारसं आक्रसत नाही आणि ताण आला की तडकण्याआधी थोडं लवतं. किंमत दुप्पट ते तिप्पट. मला वासे आणि फरशी मिळून साधारण बारा गॅलन लागलं. पॉलिएस्टरच्या मानाने जास्तीचा खर्च सातशे डॉलरच्या आसपास गेला. जी मेहनत मला पुन्हा आयुष्यात करायची नाही, तिच्यासाठी ही रक्कम मला जड वाटली नाही.

इपॉक्सीचे स्वतःचे नखरे आहेत. पॉलिएस्टरमध्ये एक ते दोन टक्के हार्डनर, म्हणजे रेझिन टणक करणारं द्रव्य, घालतात आणि त्या मर्यादेत थोडं कमीजास्त करून वेळ साधता येते. ती सवय इपॉक्सीत नडते. इथे प्रमाण ठरलेलं असतं, ब्रँडप्रमाणे पाचास एक, तिनास एक किंवा दोनास एक. हार्डनर जास्त घातला तर लवकर वाळत नाही, कायमचं मऊ राहतं. वेळ बदलायची तर फास्ट किंवा स्लो हार्डनर घ्यायचा. कालवलेलं रेझिन बादलीत ठेवलं तर तापून धुमसायला लागतं, म्हणून लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. वाळल्यावर वर मेणचट थर येऊ शकतो, तो साध्या पाण्याने आणि घासणीने धुतल्याशिवाय पुढचा थर द्यायचा नाही. आणि नेहमीचा जेलकोट इपॉक्सीवर भरवशाने बसत नाही. आतल्या बाजूला रंग देणार असाल तर त्याने काही अडत नाही, बाहेरचा तळ दुरुस्त करायचा असेल तर हा मुद्दा मोठा आहे.

कापड निवडताना एक गोष्ट जपा. काचतंतूंच्या सुट्या तुकड्यांची साधी मॅट ज्या चिकट द्रव्याने बांधलेली असते ते पॉलिएस्टरमधल्या स्टायरीन या द्रावकाने विरघळतं, इपॉक्सीने नाही. मॅट ताठच राहते, कोपऱ्यात बसत नाही. १७०८ नावाचं शिवून बांधलेलं काचकापड दोन्ही रेझिनना चालतं.

तिसरा मार्ग: लाकूडच नको. काचतंतू घातलेल्या पॉलियुरेथेन फोमच्या फळ्या मिळतात, त्यात कूसा बोर्डचं नाव जास्त ऐकू येतं. त्या कुजत नाहीत, प्लायवुडपेक्षा हलक्या असतात आणि करवतीने सहज कापल्या जातात. फरशीसाठी मला या मनापासून आवडतात, परवडत असेल तर खुशाल घ्या. वाशांसाठी मात्र मी दोनदा विचार करेन. लाकडी वासा बदलताना तुम्ही कारखान्याची नक्कल करत असता: तेवढीच जाडी, तेवढीच उंची, वर तेवढेच थर, झाल्यास एखादा जास्त. लाकूड काढून टाकलं की भार कोण पेलणार, आवरण किती जाड हवं, इंजिनाचे लांब बोल्ट कशात रुतणार, हे सगळं तुम्हाला ठरवावं लागतं. फोमच्या फळीत बोल्ट लाकडासारखा धरत नाही. तिथे भरीव ठोकळा बसवावा लागतो किंवा आरपार बोल्ट न्यावा लागतो. ज्याला हा हिशेब येतो त्याच्यासाठी हा मार्ग सर्वांत चांगला आहे. मला येत नव्हता.

आता गॅरेजबद्दल, कारण माझ्या मते निर्णय इथेच होतो. पॉलिएस्टरमधलं स्टायरीन वाळेपर्यंत उडत राहतं आणि त्याचा वास भिंतीतून घरात येतो. जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था त्याला 'बहुधा कर्करोगकारक' गटात धरते. त्याची वाफ पेट घेते, आणि इथल्या कितीतरी गॅरेजांत गॅसचा हीटर किंवा गिझर असतो. हार्डनर म्हणून वापरलेलं पेरॉक्साइड डोळ्यांत गेलं तर दृष्टी जाऊ शकते, आणि ते अॅसिटोनमध्ये चुकूनही मिसळायचं नसतं. गॅरेजला लागून घर असेल आणि घरात लहान मुलं असतील तर पॉलिएस्टर नको, एवढं मी स्पष्ट सांगतो. इपॉक्सीला वास कमी म्हणून ते निरुपद्रवी आहे असंही नाही. वारंवार कातडीला लागलं तर अॅलर्जी होते आणि ती आयुष्यभर राहते. नायट्रिलचे हातमोजे दर थोड्या वेळाने बदला.

घासकाम मात्र तिन्ही मार्गांत सारखंच, आणि मन खचतं ते इथे. काचेची धूळ बाह्यांतून, कॉलरमधून आत शिरते. पूर्ण अंगाचा सूट, मनगटाला टेप, चांगला मास्क, आणि संपल्यावर आधी थंड पाण्याने आंघोळ. पहिल्या दिवशी मी गरम पाणी घेतलं आणि रात्रभर खाजवत बसलो. बायकोने माझे कपडे आठवडाभर वेगळे धुतले.

कापायला घेण्याआधी बोटीला सगळ्या बाजूंनी टेकू द्या आणि वासे एकेक करून बदला. दोन्ही एकदम काढले तर तळ आकार सोडतो, आणि नवे वासे तो वाकडा आकार कायमचा पकडून ठेवतात.

मग भोकं. माझ्या बोटीत पाणी शिरलं होतं ते सीटच्या, गालिच्याच्या आणि पंपाच्या स्क्रूंतून, कारखान्यात थेट लाकडात मारलेल्या. साहित्य कोणतंही घ्या, प्रत्येक भोक आधी मोठं पाडायचं, इपॉक्सीने भरायचं, वाळलं की त्याच्या मध्यात बारीक भोक पाडून मग स्क्रू. एका भोकाला दोन दिवस लागतात. माझी साठ-सत्तर भोकं झाली आणि एकही टाळलं नाही. पॉलिएस्टरवाल्यानेही या कामापुरतं इपॉक्सी घ्यावंच.

फोमवर लोक हमखास भांडतात. पाणी धरतो म्हणून परत घालूच नये, असं म्हणणारे बरेच आहेत. वीस फुटांखालच्या बोटी बनवणाऱ्यांना अमेरिकन कोस्ट गार्डने पाणी भरल्यावरही बोट तरंगती राहण्याची सोय बंधनकारक केली ती उगाच नाही. मी फोम परत घातला. फक्त तळाशी पाणी मागच्या बाजूला वाहून जाईल अशी मोकळी वाट ठेवली.

आपल्याच हवामानाचाही हिशेब धरा. साठ अंश फॅरनहाइटच्या खाली पॉलिएस्टर रडतखडत वाळतं. फास्ट हार्डनरचं इपॉक्सी बऱ्याच थंडीतही चालतं, पण लाकूड आणि रेझिन दोन्ही आधी घरात ठेवून ऊबदार करून घ्या.

इंजिन परत बसवल्यावर इंजिनाला पंख्याच्या दांड्याशी जोडणाऱ्या दोन चकत्यांमधली फट फीलर गेजने, म्हणजे मोजमापाच्या पातळ पट्टीने, चहूबाजूंनी मोजतात. वरच्या, खालच्या, डाव्या, उजव्या फटीत ०.००३ इंचापेक्षा जास्त फरक चालत नाही. ट्रेलरवर मी हे नेमकं जुळवलं. बोट तळ्यात एक रात्र ठेवली आणि सकाळी पुन्हा गेज घातली, तर खालच्या बाजूला ती शिरेचना. तळ पाण्यावर टेकला की बोट किंचित आकार बदलते, म्हणून शेवटचं जुळवणं पाण्यातच करायचं. पान्यांची पिशवी घेऊन धक्क्यावर जा. माझे त्यात दोन तास गेले, आणि या वेळी बोल्ट आवळले तसे आवळत गेले.